सव्वीस जुलैचा पाऊस सत्तावीस तारखेला

मराठवाड्यातल्या एका कृषी महाविद्यालयात एमएस्सी करणाऱ्या मुलाचा ई-मेल होता. मजकूर चार ओळींचा. विषयाच्या जागी लिहिलं होतं, ‘मॅडम, २६ जुलै कुठे गेला?’

२६ जुलै म्हटल्यावर कुठल्या सालचा हे महाराष्ट्रात कुणी विचारत नाही. हा मुलगा २००५ साली पाळण्यातून नुकताच खाली उतरला असेल, पण त्यालाही विचारावं लागलं नव्हतं. त्याने केलं होतं ते अगदी साधं. पावसाच्या आकडेवारीवर काम करायला मी पायथन या संगणकाच्या भाषेत एक छोटी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, लिहिली आहे, ती त्याने उतरवून घेतली. ईआरए५ हा युरोपातल्या हवामान केंद्राचा तासातासाचा विदासंच (डेटासेट) तिच्यात घातला, दिवसाचा पाऊस काढला आणि तो आपल्या हवामान खात्याच्या दैनिक आकड्यांशेजारी ठेवला. नवा विळा आणला की आधी ओळखीच्या गवतावर चालवून बघतात, तसा त्याने मुंबईचा तो दिवस निवडला. माझी लायब्ररी म्हणाली, मोठा पाऊस २६ तारखेला. खात्याच्या फायलीत २६ला किरकोळ काहीतरी आणि सगळा कहर २७ला. ‘दोघांपैकी एकाचं चुकतंय. माझंच काही चुकत असेल तर सांगा,’ असं त्याने शेवटी लिहिलं होतं.

मी आधी त्याच्यावरच संशय घेतला. आमच्या धंद्यात हे ठरलेलंच आहे. लायब्ररी लिहिणाऱ्याला वापरणाऱ्याचं चुकलं असेल असं वाटतं, आणि वापरणाऱ्यालाही तसंच वाटतं, त्यामुळे निम्मे प्रश्न विचारलेच जात नाहीत. त्याने विचारला, हे नशीब.

खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. निरीक्षक ८:३०ला पर्जन्यमापकापाशी जातो, साठलेलं पाणी मोजपात्रात ओततो, मिलिमीटर वाचतो आणि त्या दिवसाच्या तारखेपुढे लिहितो. पाणी मात्र बहुतेक कालचं असतं. ८:३० म्हणजे जागतिक वेळेनुसार बरोबर ०३:००, सगळ्या वेधशाळांनी एकाच घटकेला निरीक्षण घ्यावं म्हणून ठरलेल्या वेळांपैकी एक. म्हणून सांताक्रूझचा तो ९४४ मिलिमीटरचा आकडा रीतसर सांगायचा तर ‘२७ जुलै २००५ रोजी सकाळी ८:३०ला संपलेल्या २४ तासांत’ असा सांगावा लागतो. (त्याच २४ तासांत कुलाब्याला ७४ मिलिमीटर. एकाच शहरात.) दुपारी अडीचच्या सुमाराला आभाळ फाटलं, रात्रभर लोक पाण्यातून चालत घरी गेले, माझा मामा अंधेरीहून ठाण्याला दुसऱ्या दिवशी पोचला, आणि खात्याच्या वहीत तो सगळा पाऊस २७च्या रकान्यात बसला. खात्याच्या दृष्टीने २६ जुलै हा साधाच दिवस होता.

यात चूक काहीच नाही. दिवस कुठून कुठपर्यंत धरायचा हे कुणीतरी ठरवावंच लागतं. आमचे आजोबा दिवाळीनंतर कधीतरी नवं पंचांग आणत आणि बाकीच्यांना राशिभविष्याची घाई असताना आधी पहिली पानं वाचत. सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची. पण सूर्योदय कुठला? तर त्या पानांत लिहिलेलं असे की हे गणित अमुक गावच्या अक्षांश-रेखांशांचं आहे, तुमचं गाव दुसरं असेल तर एवढी मिनिटं मिळवा किंवा वजा करा. आजोबा पेन्सिलीने रत्नागिरीची मिनिटं समासात लिहून ठेवत. लहानपणी मला ती पानं पंचांगातली सगळ्यात रटाळ पानं वाटायची.

तर खात्याने आपली पहिली पानं लिहिलेली होती. घोडं पेंड खात होतं माझ्याकडे.

मुलाने वापरलेलं फंक्शन, म्हणजे एक ठरावीक काम करून देणारा कोडचा तुकडा, मी उघडलं. त्याच्या डोक्यावर इंग्रजीत एक वाक्य होतं, त्याचा अर्थ ‘दैनिक पाऊस काढतं’. फंक्शनचं नावही तेच होतं, म्हणजे नाव पुन्हा एकदा लिहून मी त्याला माहिती म्हटलं होतं. आत पांडाज या आकडेवारीच्या पायथन लायब्ररीची एक ओळ, तासातासाचे आकडे दिवसाच्या गठ्ठ्यांत बांधणारी. पांडाजला कुणी काही सांगितलं नाही तर ते मध्यरात्र ते मध्यरात्र असा गठ्ठा बांधतं आणि त्यावर सुरुवातीची तारीख चिकटवतं. ईआरए५ची वेळ जागतिक. जागतिक मध्यरात्र म्हणजे आपली पहाटेची साडेपाच. म्हणजे माझ्या लायब्ररीतला दिवस वेधशाळेचा नव्हता आणि घरच्या कॅलेंडरचाही नव्हता. तो पहाटे साडेपाचला उजाडून दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मावळणारा असा एक तिसराच दिवस होता, आणि तो मी कधी ठरवलेलाच नव्हता. तो आपोआप झाला होता.

हे कळल्यावर मी जे केलं ते सांगायला नको वाटतं, पण सांगते. मी माझा पीएचडीचा प्रबंध काढला. त्यात कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या केंद्रांवरचे अतिवृष्टीचे दिवस आणि माझ्या पद्धतीने काढलेले अतिवृष्टीचे दिवस यांची तुलना करणारा एक तक्ता आहे. जुळणी बेताची होती. का, याचं मी एक परिच्छेदभर स्पष्टीकरण दिलं होतं : सह्याद्रीची गुंतागुंतीची भूरचना. परीक्षकांनाही ते पटलं होतं. सह्याद्रीचा काही वाटा असेलही. पण एक तारीख पुढे सरकवून मी तो तक्ता पुन्हा काढला तेव्हा जुळणी चांगलीच सुधारली. इतकी वर्षं मी डोंगरावर आळ घेऊन बसले होते.

वैज्ञानिक सॉफ्टवेअरमध्ये हा एक वेगळाच धोका असतो. बँकेच्या ॲपमध्ये काही चुकलं तर पैसे जात नाहीत, लाल अक्षरं येतात, माणूस फोन करून भांडतो. इथे काहीही अडत नाही. आकडा येतो, आलेख येतो, आलेख देखणाही असतो. सरासरी बरी दिसते, कारण महिन्याची बेरीज घेतली की एक-दोन दिवसांचा फरक त्यात विरून जातो. चूक लपायला अशी ऐसपैस जागा दुसरीकडे मिळणार नाही. आणि कोड वाचून ती सापडेलच असंही नाही, कारण कोडमध्ये चुकीचं असं काही लिहिलेलंच नसतं. जे चुकलं ते लिहायचं राहिलेलं असतं.

लायब्ररी जन्माला आली तीही तशीच. प्रबंधाच्या तिसऱ्या वर्षी मी स्वतःसाठी काही फायली लिहिल्या. हवामान खात्याचा, नकाशावरच्या पाव अंशाच्या चौकटींचा दैनिक पाऊस १९०१पासूनचा मिळतो. तो वाचायचा, जिल्ह्यांत वाटायचा, सरासऱ्या काढायच्या. शेजारच्या टेबलावरच्याने मागितल्या म्हणून दिल्या. मग तिसऱ्याने मागितल्या. पेन ड्राइव्हवर देता देता कंटाळून एका रात्री गिटहबवर, म्हणजे कोड सगळ्यांसाठी ठेवायच्या संकेतस्थळावर, टाकल्या. रीडमी, म्हणजे ओळख करून देणारी फाइल, सात ओळींची. त्यातली एक ओळ ‘सविस्तर डॉक्युमेंटेशन लवकरच’. हे ‘लवकरच’ सहा वर्षं तिथे होतं. नव्या सोसायट्यांच्या फलकावरच्या ‘जलतरण तलाव लवकरच’सारखं.

मध्ये एकदा डॉक्युमेंटेशन, म्हणजे कोड वापरणाऱ्यासाठीची लेखी माहिती, केल्याचं समाधानही मी मिळवलं होतं. स्फिंक्स नावाचं साधन आहे, पायथनच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनसाठी गेऑर्ग ब्रांडल यांनी २००८मध्ये बाहेर आणलेलं, आणि आता जवळजवळ सगळ्या वैज्ञानिक पायथनचं डॉक्युमेंटेशन त्यावर चालतं. ते कोडमधल्या डॉकस्ट्रिंग, म्हणजे फंक्शनच्या डोक्यावर लिहिलेली माहिती, उचलून त्यांची संकेतस्थळासारखी नेटकी पानं करून देतं. मी आज्ञा दिली, दोन मिनिटांत ऐंशी पानं तयार. डावीकडे अनुक्रमणिका, वर शोधायची चौकट, रंगसंगतीही छान. आत प्रत्येक पानावर फंक्शनचं नाव, कंसात पॅरामीटरची, म्हणजे फंक्शनला द्यायच्या मूल्यांची, नावं, आणि खाली ‘दैनिक पाऊस काढतं’. रिकाम्या वाड्याला रंग दिल्यासारखं ते दिसत होतं, आणि येणारे-जाणारे म्हणत होते, वा, डॉक्युमेंटेशन आहे की.

का नाही लिहीत आपण? वेळ नसतो हे खरं, पण पुरेसं खरं नाही. संशोधकाला शोधनिबंधाचे गुण मिळतात. चांगल्या डॉकस्ट्रिंगला बढतीच्या अर्जात रकाना नाही. २०१६मध्ये सुरू झालेल्या ‘जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर’ या नियतकालिकाने यावर एक बरी युक्ती काढली. तिथे सॉफ्टवेअरवरच छोटा निबंध छापतात, पण परीक्षकाच्या हातात जी यादी असते तिच्यात सॉफ्टवेअर कशासाठी आहे, कसं बसवायचं, वापराचं उदाहरण, फंक्शनांची माहिती असं सगळं तपासायला असतं. म्हणजे डॉक्युमेंटेशन लिहिलंत तर निबंध पदरात पडतो. कोंबडी चावडीवर न्यायची तर तिला दाणे टाकावे लागतात. माझ्यापुरतं आणखी एक कारण होतं, ते उशिरा कळलं. लिहिलं की बांधील व्हावं लागतं. ‘दैनिक पाऊस काढतं’ या वाक्याला कुणी खोटं पाडू शकत नाही.

डॉक्युमेंटेशन कुणीच लिहीत नाही ही तक्रार नवी नाही, हे मला नमपाय या आकडेमोडीच्या पायथन लायब्ररीचा इतिहास वाचताना कळलं. आज नमपायशिवाय वैज्ञानिक पायथनचं पान हलत नाही. २०१९च्या एप्रिलमध्ये कृष्णविवराची पहिली प्रतिमा जगाने पाहिली, तिच्यामागच्या गणितातही ते होतं. पण २००६च्या ऑक्टोबरमध्ये नमपाय १.० आलं तेव्हा त्याचा नीट मार्गदर्शक म्हणजे ट्रॅव्हिस ऑलिफंट या त्याच्या मुख्य कर्त्याने लिहिलेलं पुस्तक, आणि ते विकत घ्यावं लागे. लोक कुरकुर करत. मला मात्र त्या माणसाची बाजू समजते. सॉफ्टवेअर फुकट दिलं, त्याच्यासाठी नोकरीची वर्षं घातली, निदान पुस्तकाचे तरी चार पैसे यावेत. २००८मध्ये त्याने तेही खुलं करून टाकलं.

त्याच वर्षी फ्लोरिडातल्या एका विद्यापीठात, युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडात, ग्रहविज्ञान शिकवणाऱ्या जो हॅरिंग्टन यांचा धीर सुटला. खगोलशास्त्रीय विदेचं विश्लेषण शिकवणारा त्यांचा वर्ग त्यांनी आयडीएल या विकतच्या भाषेवरून पायथनवर आणला होता. आयडीएलमध्ये प्रत्येक फंक्शनला माहितीचं पान असे. इथे मुलं मदत मागत आणि समोर एक ओळ येई, कधी तीही नाही. शिक्षक हुशार असून भागत नव्हतं, कारण रात्री अकरा वाजता गृहपाठ करणाऱ्या मुलाजवळ शिक्षक नसतो. हॅरिंग्टन यांनी तक्रार करण्याऐवजी पैशांची सोय केली आणि दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेफान व्हान डर वॉल्ट यांना हेच काम करायला पगारी नेमलं. फिनलंडचे पाउली विर्तानेन आणि फ्रान्सच्या एमान्युएल गुइयार यांनी एक विकी उभा केला. त्यावर कुणीही, अगदी कोडला हात लावायला घाबरणाराही, एखाद्या फंक्शनची माहिती लिहू शके, दुसरा ती तपासे, आणि मग ती थेट मूळ कोडमध्ये जाई. उन्हाळाभर हा सपाटा चालला. त्याला नाव दिलं होतं डॉक्युमेंटेशन मॅरेथॉन. ठरावीक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याला टी-शर्ट. मोठमोठे पीएचडीवाले एका टी-शर्टसाठी फंक्शनांच्या नोंदी लिहीत बसले होते, हे चित्र मला फार आवडतं.

त्या मॅरेथॉनमधून एक साचा रुळला. वर एका ओळीत सार, मग पॅरामीटर, काय परत मिळतं, ‘हेही पाहा’, टिपा, उदाहरणं. पायथनमध्ये काम करणाऱ्याला हा साचा आता इतका सवयीचा आहे की तो कुणीतरी बसून ठरवला होता हे आठवतही नाही. यातल्या ‘टिपा’ या विभागाकडे लोक दुर्लक्ष करतात. माझ्या मते खरं विज्ञान तिथे असतं. उदाहरण देते. २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ या आठ आकड्यांचं प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप, नमपायला विचारा, ते म्हणेल २. पांडाजला विचारा, ते म्हणेल २.१४च्या आसपास. दोघंही बरोबर. एक आठने भागतं, दुसरं सातने, आणि दोघांनी आपापल्या पानावर तसं स्वच्छ लिहिलेलं आहे. नमपायच्या टिपांमध्ये कशाने का भागायचं यावर छोटासा परिच्छेदच आहे. तो परिच्छेद न वाचता दोन लायब्ऱ्या एकाच प्रकल्पात वापरणारे किती असतील देव जाणे. तरी तो आहे, आणि ज्या दिवशी आकडे जुळत नाहीत त्या दिवशी सापडतो. ई-मेल लिहिणाऱ्या त्या मुलाला माझ्या पानावर सापडण्यासारखं काही नव्हतं.

मग मी लिहायला बसले. आठवड्यातून तीन संध्याकाळी, जेवणानंतर, पावसाळाभर. ऐंशी फंक्शनं. मला वाटलं होतं की हे कारकुनी काम होईल, डोकं बाजूला ठेवून करण्यासारखं. पहिल्याच आठवड्यात तो भ्रम गेला.

एका फंक्शनखाली मी लिहिलं, ‘नोंद नसलेले दिवस वगळले जातात.’ लिहिलं आणि म्हटलं, बघू तरी खरंच वगळले जातात का. खात्याच्या फायलींत नोंद नसेल तिथे उणे ९९९ असतं. ते मी वाचतानाच ‘आकडा नाही’ अशा खुणेत बदलत होते, इथपर्यंत ठीक. पण महिन्याची बेरीज करताना सगळाच्या सगळा महिना ‘आकडा नाही’ असेल तर पांडाज बेरीज शून्य देतं. हेही त्यांच्या पानावर लिहिलेलं आहे, निदान किती आकडे असले तरच बेरीज द्यायची हे सांगणारा पर्यायही आहे. मी तो कधी वापरला नव्हता. म्हणजे ज्या केंद्रावर महिनाभर कुणी मोजलंच नाही, तिथे माझ्या लायब्ररीत कोरडा महिना पडला होता. नोंद नाही आणि पाऊस नाही या दोन गोष्टी मी एक करून टाकल्या होत्या. पावसाच्या तुटीवरून ज्या जिल्ह्यांत दुष्काळाची चर्चा सुरू होते, त्यातल्याच एका जिल्ह्यातून मला ई-मेल आला होता, हे त्या रात्री डोक्यातून जाईना.

दुसरं प्रकरण जरा हसण्यासारखं. ईआरए५मध्ये पाऊस मीटरमध्ये असतो, खात्याकडे मिलिमीटरमध्ये. मी केव्हातरी मोठी हुशारी करून ठेवली होती. सगळे आकडे फारच लहान दिसले तर ते मीटर आहेत असं समजून गुपचूप हजाराने गुणायचं. आता हे डॉकस्ट्रिंगमध्ये कसं लिहायचं? ‘कमाल आकडा ५पेक्षा लहान असल्यास हे फंक्शन स्वतःच्या मनाने एकक बदलतं.’ वाक्य टाइप केलं आणि खुर्चीत मागे रेलून वाचलं. फेब्रुवारीत दोन मिलिमीटरचा शिडकावा झालेल्या एखाद्या तालुक्यात माझ्या कृपेने दोन मीटर पाऊस पडला असता. ते वाक्य मी पुसलं, आणि त्याच्यामागचं कोडही. आता एकक विचारून घेते, न दिल्यास फंक्शन चालायला नकार देतं. लिहायला लाज वाटेल असं आणखीही बरंच निघालं. सहा-सात गोष्टी अशा गेल्या.

‘सरासरी’ या शब्दाने चार संध्याकाळी खाल्ल्या. ‘सरासरीच्या किती टक्के पाऊस’ हे फंक्शन सगळ्यात जास्त वापरलं जातं, बातम्यांतही हेच असतं. पण सरासरी कुठल्या वर्षांची? खात्याची मोसमी पावसाची देशाची दीर्घकालीन सरासरी १९६१ ते २०१० या काळावरून ८८ सेंटीमीटर होती, मग १९७१ ते २०२० या काळावर गेल्यावर ८७ झाली. एका सेंटीमीटरने देशाचं काही बिघडत नाही, पण जिल्ह्याच्या पातळीवर फरक मोठा पडू शकतो. माझ्या फंक्शनमध्ये पायाभूत वर्षं आत कुठेतरी, बाराव्या ओळीत, कायमची लिहून ठेवलेली होती. मी ती पॅरामीटरमध्ये बाहेर काढली आणि खाली टिपेत लिहिलं की हा काळ बदललात तर टक्केवारी बदलेल, म्हणून निकालासोबत काळ सांगा. एवढ्या दोन वाक्यांसाठी चार संध्याकाळी, असं घरी म्हणालेही कुणीतरी.

डॉक्युमेंटेशनवर व्याख्यानं देणारे लोक हल्ली डॅनिएले प्रोचिडा यांची चार घरं सांगतात : शिकवणारं, काम कसं करायचं ते दाखवणारं, संदर्भासाठीचं, आणि समजावून सांगणारं. विभागणी चांगली आहे. मी मात्र ती वाचून चार फोल्डर केले आणि तीन महिने तीन रिकामे राहिले, म्हणून जास्त बोलत नाही. उदाहरणांबद्दल बोलेन. उदाहरणं मरतात. कोड बदलतो, उदाहरण तिथेच राहतं, आणि नवा माणूस पहिल्याच पानावरचं उदाहरण जसंच्या तसं उतरवतो आणि तोंडावर पडतो. पायथनमध्ये यावर डॉकटेस्ट नावाची जुनी सोय आहे. ती डॉकस्ट्रिंगमधलं उदाहरण खरोखर चालवून बघते आणि छापलेलं उत्तर येतंय का ते तपासते. मी ती सुरू केली तेव्हा माझ्या तेवीस उदाहरणांपैकी नऊ मेलेली निघाली. त्यातली दोन बहुधा जिवंत कधी नव्हतीच.

मुलाशी या काळात पत्रव्यवहार चालू होता. एकदा मी त्याला म्हटलं, सुरुवातीचं पान मराठीत करू या का? तुझ्यासारखे बरेच असतील. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठी आवाजातले धडे आहेतच, मग लेखी पान का नको. मी उत्साहाने दोन पानं लिहून त्याला पाठवली. त्याचं उत्तर तासाभरात आलं.

‘मॅडम, छान आहे. फक्त फलन म्हणजे काय?’

‘फंक्शन,’ मी लिहिलं.

‘मग फंक्शनच लिहा ना. आमच्याकडे फलन गायीला होतं.’

मी पशुसंवर्धनाच्या विद्यार्थ्यांशेजारी बसणाऱ्या माणसाशी बोलते आहे, हे विसरले होते. फलन गेलं, ‘प्राचल’ही गेलं, त्याचं पॅरामीटर झालं. पण पर्जन्यमापक राहिला, कारण त्याच्या तलाठ्याच्या तोंडात तो शब्द होता. उलट ‘डेटा’ आणि ‘विदा’ यांत त्याचं मत असं की दोन्ही चालेल, एकच काय ते ठरवा. एका पानात दोन नावं आली की त्याला वाटतं, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे मला कुठल्याही शैलीपुस्तकाने इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं. इंग्रजी पानंही मी मग याच नजरेने चाळली. एकाच गोष्टीला मी तीन ठिकाणी ‘केंद्र’, ‘बिंदू’ आणि ‘चौकट’ म्हणत होते. खरं तर केंद्र म्हणजे जिथे माणूस जाऊन पाणी मोजतो, चौकट म्हणजे अनेक केंद्रांवरून गणिताने भरलेला तुकडा. सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर केंद्रावर पडले. चौकटीत शोधाल तर एवढा आकडा मिळणार नाही, तो आजूबाजूच्यांत वाटला जातो. हा फरक मला पाठ होता, म्हणूनच लिहायचा राहिला होता.

दिवसाचं फंक्शन मी मुद्दाम शेवटी ठेवलं. आता त्यात दिवस कधी संपतो हे सांगावं लागतं, आणि तारीख सुरुवातीची की शेवटची हेही. हवामान खात्याशी तुलना करायची असेल तर गठ्ठा ०३ जागतिक वेळेला बंद होतो आणि त्याला शेवटची तारीख लागते. डॉकस्ट्रिंग चाळीस ओळींची झाली, कोड अकरा ओळींचा. मी ते मुलाकडे वाचायला पाठवलं. दोन दिवसांनी त्याची पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमध्ये बदल सुचवणारी विनंती, आली, आयुष्यातली पहिली, त्यामुळे सोबत तीन वेळा क्षमायाचना. त्याने माझं उदाहरण काढून टाकलं होतं. मी एक ते चोवीस असे बनावट आकडे घेतले होते. त्याने मुंबईची चौकट घेतली होती, आणि वर एक वाक्य घातलं होतं : ‘२६ जुलै २००५च्या दुपारी पडलेला पाऊस या पद्धतीत २७ जुलैला दिसेल. हे बरोबर आहे.’

डॉकटेस्ट हिरवी झाली, म्हणजे उदाहरणाचं उत्तर जुळलं. त्याचा बदल मी मूळ कोडमध्ये मर्ज केला. रीडमीमधली ‘लवकरच’ची ओळही त्याच दिवशी काढली.

गेल्या आठवड्यात नागपूरहून एका बाईंनी गिटहबवर इश्यू, म्हणजे शंकेची नोंद, टाकला. ईआरए५चाच भाऊ ईआरए५-लँड, त्यात पाऊस तासाचा नसून मध्यरात्रीपासून साठत गेलेला असतो. मग ०० वाजताची नोंद तुमची लायब्ररी कुठल्या दिवसात धरते, असा त्यांचा प्रश्न. ती नोंद आदल्या दिवसाची पूर्ण बेरीज असते, हे मला माहीत आहे. पानावर शोधलं, नव्हतं. आता कोडमध्ये काय आहे ते बघते आहे, आणि अजून त्यांना उत्तर दिलेलं नाही.